ॲशच्या झाडाला एमराल्ड ॲश बोअरर लागलाय का, हे फांदी सोलून तपासा

एमराल्ड ॲश बोअरर हा हिरवा भुंगेरा; त्याच्या अळ्या ॲशच्या झाडाची साल आतून पोखरतात. भुंगेरा बाहेर पडताना खोडावर होणारी इंग्रजी डी-च्या आकाराची, ३-४ मिमीची भोकं दिसायची वाट बघू नका. पहिली भोकं बहुधा वरच्या फांद्यांवर पडतात. खाली दिसेपर्यंत झाड बरंच पोखरलेलं असतं. कॅनडात शहरी झाडांसाठी वापरतात ती पद्धत जास्त भरवशाची.

पानगळीपासून मेपर्यंत, फांद्या-पानांच्या घेराच्या मधल्या उंचीवरून, शक्यतो दक्षिणेकडून, खोडाला जोडलेल्या टोकाशी ५-८ सेंमी जाड अशा दोन जिवंत फांद्या कापा. उंचीवरचं काम असल्यानं ते झाडं छाटणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. फांदी खोडापासून फुटते तिथून ५० सेंमीचा तुकडा घ्या, व्हाइसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) पकडा आणि दोन्ही टोकांना मूठ असलेल्या सुरीनं साल १-२ मिमीचे पापुद्रे काढत सोला. एकदम खोल गेलात तर कोवळ्या अळीचा केसाएवढा बारीक बोगदा सालीबरोबर निघून जातो, आणि झाड निरोगी आहे असा समज होतो.

नागमोडी, बारीक भुश्श्यानं गच्च भरलेला बोगदा दिसला की हाच किडा समजा. गोल किंवा लंबगोल भोकं सहसा तिथल्याच मूळच्या दुसऱ्या किड्यांची असतात. त्यावरून घाबरायचं कारण नाही. सुतारपक्ष्यानं साल सोलून फिकट चट्टे पाडले असतील तर मात्र तेच झाड आधी तपासा.

दोन्ही फांद्या स्वच्छ निघाल्या तरी झाड सुटलं असं नाही, थोडी लागण निसटू शकते. लाकूड जळणासाठी दुसरीकडे नेऊ नका, त्यातून किडा पसरतो.