जुन्या पद्धतीने ऑलिव्ह तेल काढताय? या चुका टाळा

आपल्याकडे लाकडी घाण्याचं कौतुक वाढलंय, तसं स्पेन, इटली, ग्रीसमध्ये दगडी जात्याच्या तेलाचं. जातं वापरायला काहीच हरकत नाही. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथल्या खेड्यांत निघणारं बरंचसं तेल आजच्या मोजमापात ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचं, ठरलं नसतं, आणि त्यात दगडाचा दोष नव्हता. दोष होता दिरंगाईचा आणि अस्वच्छतेचा. परसातल्या दोन-चार झाडांचं तेल काढणारे आजही तिथेच फसतात.

सगळ्यात महागात पडतो तो फळांचा ढीग. गावात घाणा एखादाच, त्यामुळे नंबर लागेपर्यंत फळं आठवडेच्या आठवडे पोत्यांत पडून राहत. वर समजूत अशी की, ढिगात मुरलेलं फळ तेल जास्त देतं. ती अगदीच खोटी नव्हती. पाणी उडून वजन घटतं, गर मऊ पडतो, त्यामुळे किलोमागे उतारा जास्त दिसतो. पण ढिगाच्या पोटात ऊब धरते, फळं आंबतात आणि तेलातली आम्लता चढते. एक्स्ट्रा व्हर्जिनला मर्यादा 0.8 टक्के, 2 टक्क्यांच्या वर गेलेलं तेल शुद्धीकरणाशिवाय खाण्यासाठी विकताच येत नाही. दक्षिण इटलीतल्या गाल्लिपोली बंदरातून असलं तेल एके काळी लंडनच्या दिव्यांसाठी जायचं. दिवा वासाची तक्रार करत नाही! तुमच्या तेलाला आंबूस, कोंदट वास येत असेल तर आधी ढिगाकडे बघा. फळं जाळीदार क्रेटमध्ये पातळ थरात ठेवा आणि शक्यतो 24 तासांत दळा.

काठीने झोडपण्याची घाईही नडते. ऑलिव्हला फळ धरतं ते आदल्या वर्षी वाढलेल्या डहाळीवर. आज मोडलेली डहाळी म्हणजे पुढच्या हंगामाचं नुकसान. रोमन लेखक वारोने इ.स.पू. 37 च्या सुमारास हेच बजावलं होतं: हाताला येतील ती फळं हातानेच तोडा, उरलेल्यांसाठी जाड काठीऐवजी वेताची काडी घ्या. झाडाखाली आधीच गळून पडलेली फळं मात्र वेगळी ठेवा. मातीला लागलेल्या थोड्या फळांनीही सगळ्या घाण्याला कुबट वास लागतो.

लगदा ज्या गोल चटयांवर पसरून दाबतात, त्या धुणं हे कंटाळवाणं काम, म्हणून नेमकं तेच टळतं. कालचा चोथा चटईत राहिला की आजचं ताजं तेल खवट लागतं. आणि नवी चटई निर्धोक असते असंही नाही: स्पेनमधल्या एस्पार्टो गवताच्या कोऱ्या चटईचा वास तेलात उतरतो, आणि तेल चाखणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय दोषयादीत त्याची वेगळी नोंद आहे.

शेवटचं तेल सुटावं म्हणून लगद्यावर कढत पाणी ओतायची पद्धत होती. तेल सुटतं खरं, पण घशाला झोंबणारा तिखटपणा आणि कडवटपणा देणारे घटक पाण्याबरोबर निघून जातात. लगदा 27 अंशांच्या खालीच ठेवा.

तेल निवळल्यावर तळाशी साका बसतो. तो तसाच ठेवला की सडतो, म्हणून वरचं तेल अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा काढा. भांडं काठोकाठ भरलेलं, झाकण घट्ट, जागा अंधारी. गाळलंच नसेल तर ते गढूळ तेल आधी वापरून संपवा.