साताऱ्यातून केपीएच ऐकायचंय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या व्यापारी मोर्स (टिंब-रेघांच्या संदेशांच्या) सेवेचा शेवटचा संदेश १२ जुलै १९९९ रोजी गेला. कॅलिफोर्नियातलं केपीएच हे जहाजांशी बोलणारं जुनं स्टेशन मात्र दरवर्षी त्याच तारखेला पुन्हा हवेत येतं. तिथल्या बोलिनास गावचे जुने ट्रान्समीटर स्वयंसेवकांनी दुरुस्त करून जागते ठेवलेत. साताऱ्यात ते ऐकू आलं नाही, तर स्टेशनला दोष देण्याआधी आपलं घर तपासा.

तारखेत बरेच जण फसतात. तिथे १२ जुलैची संध्याकाळ, ५:०१. म्हणजे इथे १३ जुलैची पहाट, ५:३१. बारा तारखेच्या रात्री जागून ऐन वेळी झोपू नका.

साध्या एएम रेडिओ सेटवर मोर्सची शिट्टी वाजत नाही, फार तर खरखर जरा दबते. एसएसबी किंवा सीडब्ल्यू (मोर्सची शिट्टी ऐकवणारे मोड) असलेला सेट हवा. त्यातही एक गोम आहे. यूएसबीवर (एसएसबीचाच एक प्रकार, ‘अप्पर साइडबँड’) डायल बरोबर १२८०८.५ किलोहर्ट्झला लावलात, तर काहीच ऐकू येणार नाही, कारण सूर शून्यावर जातो. डायल १२८०७.८ ला आणा, ७०० हर्ट्झचा स्वच्छ सूर मिळेल. सीडब्ल्यू मोडमध्ये हा फरक बहुतेक सेट स्वतःच सांभाळतात. १७०१६.८ वरही शोधा.

खरा शत्रू घरातच असतो: एलईडी दिवे, इन्व्हर्टर, राउटर, मोबाइलचा चार्जर. मेन स्विच बंद करून सेट सेलवर चालवा. निम्मी खरखर तिथेच मेली तर आश्चर्य नको. पावसासाठी गच्चीवर पत्रा घातलाय ना? मग त्याच्याखाली एरियल ताणण्यात अर्थ नाही, तार बाहेर मोकळ्यावर काढा. विजा चमकत असतील तर तार सोडवून ठेवा आणि त्या दिवशी नाद सोडा.

मोबाइलवरच्या डिकोडर ॲपवर विसंबू नका. खरखरीतूनही ते ई-टी-ई-टी (एक टिंब, एक रेघ) अशी अक्षरं काढत बसतं. के (–·–), पी (·––·), एच (····) एवढी तीन अक्षरं कानाला ओळखीची करा. स्टेशन आपलं नाव पुन्हा पुन्हा पाठवतं.

केपीएचच्या सागरी फ्रिक्वेन्सीवर उत्तर देऊ नका, तिथे हॅमना (हौशी रेडिओवाल्यांना) परवानगी नाही. परवानाधारकांनी के६केपीएचला (त्यांच्याच हॅम स्टेशनला) १४०५० किलोहर्ट्झवर बोलवावं. बाकीच्यांनी रिपोर्ट पाठवावा, पण नुसतं ‘छान ऐकू आलं’ त्यांच्या काय कामाचं? यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, फ्रिक्वेन्सी, आरएसटी (स्पष्टता, जोर आणि सुराचे गुण) आणि ऐकलेला मजकूर, एवढं तरी लिहा.