पावसाळ्यात सुटणारा टायटॅनियम डायबोराइडचा थर : माझा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या लहानशा कार्यशाळेत ॲल्युमिनियम कापणाऱ्या कार्बाइडच्या एंडमिलवर (फिरत्या कापणाऱ्या हत्यारावर) स्पटरिंग पद्धतीने, म्हणजे निर्वात कक्षात आयनांच्या माऱ्याने पदार्थाचे अणू उडवून, टायटॅनियम डायबोराइडचा थर चढवला जातो. ॲल्युमिनियम या बोराइडला सहसा चिकटत नाही, म्हणून धारेवर धातू साचत नाही. जूनमध्ये पाऊस लागताच मात्र हा करडा थर धारेपाशी माशाच्या खवल्यांसारखा सुटू लागला.

प्रथम मी टार्गेटवर, म्हणजे ज्यातून अणू उडवले जातात त्या तुकड्यावर, संशय घेतला, तो चुकीचा होता. खरे कारण पाण्याची वाफ हे होते : कक्ष उघडताच समुद्राकडची दमट हवा आत शिरे, भिंतींवर साचलेल्या जुन्या सच्छिद्र थरात ओलावा मुरे, आणि पंप चालू असतानाही तो तासन्‌तास बाहेर पडत राहून त्यातील ऑक्सिजन नव्या थरात मिसळून त्याची पकड कमकुवत करी.

आतील आवरणे वाळूच्या माऱ्याने साफ केली, कक्षात हवेऐवजी कोरडा नायट्रोजन सोडूनच दार उघडू लागलो आणि प्रत्येक खेपेपूर्वी कक्ष तापवून ओलावा काढला. आर्गॉन आयनांनी हत्यारांचा पृष्ठभाग खरवडून आधी शुद्ध टायटॅनियमचा पातळ थर दिला. तरीही कोपरे तडकत होते, कारण या थरात मुळातच मोठा दाबताण (थर आतून दाबलेला असल्याने येणारा ताण) असतो. बायस, म्हणजे आयन ओढण्यासाठी हत्यारांना दिलेला ऋण विद्युतदाब, 100 व्होल्टवरून 50 वर आणल्यावर ते थांबले. कठीणपणा थोडा घटला, परंतु थर धारेवर टिकणे मला अधिक मोलाचे वाटते.