जुन्या ट्रकचा पुढचा एक्सल झिजलाय? खोलायच्या आधी नेमकं काय गेलंय ते शोधा

स्टेअरिंग थरथरायला लागलं, गाडी एका कडेने टायर खायला लागली, खड्ड्यातून चाक गेलं की खालून खट् असा आवाज यायला लागला की सगळे म्हणतात पुढचा एक्सल गेला, नवीन बसवा. थांबा जरा. जुन्या ट्रकचा पुढचा एक्सल म्हणजे आय आकाराचा घडीव पोलादाचा अखंड बीम, तो असा सहजासहजी झिजत नाही. झिजतात त्या त्याच्या टोकाच्या वस्तू, किंगपिन (जिच्याभोवती चाक वळतं ती उभी पिन), तिचे वरचे-खालचे बुश (पिनभोवतीची अस्तराची नळी), खालचं वजन पेलणारं थ्रस्ट बेअरिंग, टाय रॉड एंड (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची टोकं) आणि चाकाचं बेअरिंग. बीम बदलायची वेळ येते ती तो वाकला, त्याला तडा गेला किंवा पिन जिथे बसते ते भोक मोठं झालं तरच.

म्हणून आधी तपासणी, आणि ती चाक जमिनीवर असताना होत नाही. गाडी सपाट पक्क्या जागेवर घ्या, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, जॅक बीमखाली लावून चाक उचला आणि लगेच बीमखाली घोडी (पक्का स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही.

आता टायर वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा, मोठा टायर असेल तर खालून पहार लावून हलवा. खेळ जाणवला की दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गायब झाला तर चाकाचं बेअरिंग ढिलं आहे, कारण ब्रेकने ड्रम आणि स्टब एक्सल (चाक ज्यावर बसतं तो किंगपिनवर वळणारा भाग) एकजीव होतात. ब्रेक दाबूनही चाक तेवढंच डुलतंय तर किंगपिन नाहीतर बुश गेलेत. ही एवढी एक गोष्ट न केल्यामुळे लोक चांगल्या किंगपिन काढून बसतात आणि आवाज तसाच राहतो. नंतर टायर डावी-उजवीकडे धरून हलवा, तिथे खेळ आला आणि ब्रेक दाबूनही राहिला तर टाय रॉड एंड आणि ड्रॅग लिंकचे (स्टेअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट बघा, एकाने स्टेअरिंग थोडं थोडं फिरवायचं आणि दुसऱ्याने जॉइंटवर बोट ठेवायचं, ढिला जॉइंट बोटाला लगेच कळतो. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं मापक) असेल तर अजून बरं, बुशपाशी साधारण पाव मिलिमीटरच्या पुढे हालचाल दिसली तर बुश संपले समजा, नक्की मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते तीच धरा.

किंगपिनचंच काम निघालं तर दोन्ही बाजूंचं एकदमच करा. एक बाजू घट्ट आणि एक ढिली ठेवली तर गाडी ओढते आणि दुसरी बाजू थोड्याच दिवसांत परत खोलावी लागते.

चाक काढताना दोन गोष्टी. काही जुन्या ट्रकच्या डाव्या चाकाच्या नटांना उलटे आटे असतात, नटावर किंवा बोल्टच्या टोकावर तशी खूण असते ती बघा, नाहीतर पाइप लावून जोर करत बसाल आणि बोल्ट तुटेल. आणि रिंग वेगळी असलेली तुकड्यांची डिस्क (रिम) असेल तर नट ढिले करायच्या आधी टायरमधली सगळी हवा काढा, ती रिंग उडाली तर माणूस वाचत नाही. हब-ड्रम काढल्यावर आत जी ब्रेकची धूळ असते ती हवेच्या पाइपने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसून घ्या. ब्रेकची प्लेट तारेने चॅसीला टांगून ठेवा, होजवर (ब्रेकच्या रबरी नळीवर) वजन येऊ देऊ नका, म्हणजे ब्रेकची लाइन खोलायची गरजच पडत नाही.

पिन काढणं हे यातलं सगळ्यात किचकट काम. पिन बीमच्या भोकात एका आडव्या टेपर खिट्टीने अडकवलेली असते, आधी ती काढायची, काही गाड्यांत अशा दोन असतात त्यामुळे एक काढून पिन ठोकत बसू नका, दुसरी आहे का बघा. खिट्टीचा नट पूर्ण न काढता आट्याच्या टोकाशी लेव्हल ठेवा आणि मग ठोका, म्हणजे आटे चिरडत नाहीत. मग वरची-खालची टोपणं काढून पिन पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) खाली ठोकायची. पिन कडक पोलादाची असते, तिच्यावर सरळ घण घातला तर कपची उडून डोळ्यात जाते, गॉगल घालाच. गंजून बसलेली असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, तरी नाही निघाली तर हायड्रॉलिक प्रेस लावा. गॅस कटरने बीमचं टोक लाल करून पिन काढणारे आहेत, पण तसं करू नका, बीमला दिलेली उष्णतेची ट्रीटमेंट त्याने जाते आणि वरून चांगला दिसणारा बीम आतून मऊ पडतो. हीच गोष्ट वेल्डिंगची. पुढच्या एक्सलच्या बीमवर वेल्डिंग नाही, गरम करून सरळ करणं नाही, यात मी अजिबात तडजोड करत नाही कारण हा भाग तुटला तर स्टेअरिंग हातात असून उपयोग नसतो.

पिन निघाली की बीम नीट धुवा. पाटे (स्प्रिंग) बसतात त्या जागेच्या कोपऱ्यात आणि त्यांना बीमशी आवळणाऱ्या यू बोल्टच्या भोकांच्या कडेला तडे जातात. रॉकेल फिरवा, कोरडं पुसा, वर खडूची पूड चोळा आणि थोडा वेळ थांबा, तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर काळसर बारीक रेघ उमटते. रेघ दिसली की बीम भंगारात. मग नवी पिन बीमच्या भोकात हाताने घालून बघा, ती तिथे घट्ट सरकली पाहिजे, खडखडली तर भोक झिजलंय. यावर चांगल्या मशीन शॉपमध्ये भोक बोअर करून स्लीव्ह घालून घेणं किंवा ओव्हरसाइज पिन मिळत असेल तर त्या मापाला रीम करणं (रीमरने भोक मापात आणणं), हे दोनच रस्ते, नाहीतर बीम बदला. भोकात पंच मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून पिन घट्ट करायची नाही, लोड पडला की पट्टी चुरगळते.

स्टब एक्सलमधले जुने बुश काढायला हॅकसॉचं पातं आत घालून बुशला एक चीर द्या आणि छिन्नीने आत वळवा, फक्त बाहेरच्या भोकाला ओरखडा येऊ देऊ नका. नवीन बुश घालायच्या आधी जुन्याचा फोटो काढून ठेवा, ग्रीसचं भोक आणि आतली खाच कुठल्या दिशेला होती ते नंतर आठवत नाही. बुशचं भोक आणि निपलचं (ग्रीस भरायच्या तोंडाचं) भोक एका रेषेत आलं नाही तर ग्रीस पिनपर्यंत पोचतच नाही आणि नवीन बुश जुन्याच्या निम्म्या वेळातही जातात. बुश प्रेसने दाबले की पितळी बुशचं भोक थोडं आवळतं, म्हणून रीमर मारावा लागतो, आणि तो लांब पायलटचा, वरचा बुश खालच्याला आधार देईल असा. दोन्ही बुश वेगवेगळे रीम केले की भोकं एका रेषेत राहत नाहीत, पिन जाते पण स्टेअरिंग जड होतं. पिन तेल लावून स्वतःच्या वजनाने हळूहळू सरकत गेली की समजा माप बरोबर आलं.

जोडताना थ्रस्ट बेअरिंग बीमच्या खाली, म्हणजे बीमचं टोक आणि स्टब एक्सलचा खालचा हात यांच्यामध्ये जातं, गाडीच्या पुढच्या भागाचं सगळं वजन तिथूनच जातं. टोपीसारखी बंद बाजू वर आणि उघडी खाली, नाहीतर त्यात पाणी साचतं. वरच्या फटीत शिम (पातळ चकत्या) टाकायच्या, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजून मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच उभा खेळ ठेवायचा, साधारण ०.१ मिमीच्या आसपास येतो. पिन ठोकायच्या आधी तिच्यावरची खाच खिट्टीच्या भोकासमोर आहे ना ते नीट बघा, अर्धी आत गेल्यावर पिन फिरवणं फार त्रासाचं.

अख्खा बीमच बदलत असाल तर नुसतं गाडीचं नाव सांगून आणू नका. दोन पाट्यांच्या मधलं अंतर, बीम खाली किती उतरलाय ते, पिनचा व्यास, लोडची क्षमता, हे जुन्याशी टेप लावून ताडून घ्या. पाट्याखाली उतरती पट्टी असेल तर तिची जाड बाजू पुढे होती की मागे याची खूण आधीच करा, कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) त्यावर ठरतो, उलटी बसली तर स्टेअरिंग सरळ परत येत नाही. पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं बीमच्या खळग्यात नीट बसलं पाहिजे. यू बोल्ट नवीनच घ्या, एकदा ताणलेले परत तसे आवळत नाहीत, आणि आवळताना एकाआड एक तिरके आवळत जा.

चाकाचं बेअरिंग घालताना हब फिरवत फिरवत नट घट्ट करायचा आणि जड झालं की मग साधारण पाव फेरा किंवा त्याहून थोडा कमी मागे घ्यायचा. हब मोकळा फिरला पाहिजे पण हाताला खडखड जाणवता कामा नये. स्प्लिट पिन दरवेळी नवी.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलीत ते, घरीही बघता येतं. दोन्ही टायरच्या मधोमध हबच्या उंचीवर पुढच्या बाजूने खडूने खूण करून अंतर मोजा, मग गाडी पुढे ढकलून त्याच खुणा मागे त्याच उंचीवर आणा आणि परत मोजा, तीच खूण वापरली की डिस्क थोडी वाकडी असली तरी फरक पडत नाही. पुढचं अंतर मागच्यापेक्षा अगदी थोडं कमी हवं, रेडियल टायरला साधारण दीड मिमी, बाकीच्यांना मॅन्युअलप्रमाणे. हे माप चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांच्यावर असतानाच घ्यायचं. टाय रॉडचे क्लॅम्प ढिले करून नळी फिरवली की अंतर कमी-जास्त होतं, नंतर क्लॅम्प आवळायला विसरू नका.

ग्रीस मारताना चाकं परत उचला, वजन असताना थ्रस्ट बेअरिंगमध्ये ग्रीस शिरत नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारा, एखादा निपल ग्रीस घेतच नसेल तर तो बदला, सोडून देऊ नका. मग स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून टायर पाट्याला किंवा ब्रेकच्या होजला घासत नाही ना ते बघा, घासत असेल तर लॉक स्टॉपचा (चाक किती वळावं ते अडवणारा) बोल्ट सेट करा. पहिली लोडची फेरी मारून आल्यावर यू बोल्ट आणि चाकांचे नट परत एकदा टॉर्क पान्याने आवळा, आणि त्या वेळी खिट्टीचा नटही तपासून घ्या.