वॅक्स लागलेल्या हातांसाठी बटण

तुमच्यासारखीच मीही एकेकाळी नवी ॲप डिझायनर होते. पहिली नोकरी लागली तेव्हा माझ्या पोर्टफोलिओत एका सलून ॲपचं गुळगुळीत रीडिझाइन होतं. ऑफर्सचा बॅनर, गुलाबी कार्डं, तीन टॅपमध्ये बुकिंग. सगळं ग्राहकाच्या बाजूचं. जी बाई घरी येऊन वॅक्सिंग करणार तिच्या फोनवर काय दिसतं, हा प्रश्न मला पडला नव्हता आणि मुलाखतीतही कुणी विचारला नाही.

2014 मध्ये अर्बनक्लॅप नावानं सुरू झालेल्या अर्बन कंपनीमुळे घरपोच पार्लर हा प्रकार शहरांत सगळ्यांच्या ओळखीचा झाला. मी लागले ती कंपनी त्या मानानं चिमुकली, पुण्यापुरती. तिथे सगळ्यात मोठी तक्रार एकच होती: ब्युटिशियन उशिरा येते. मला काम मिळालं नकाशाचं. ताईंची स्कूटर कुठवर आली ते ग्राहकाला दिसलं पाहिजे. मी महिनाभर खपून छान नकाशा केला. उशीर होता तेवढाच राहिला, फक्त आता तो हलताना दिसायला लागला.

मग एका ताईंना विचारून मी दिवसभर त्यांच्याबरोबर फिरले. कोथरूड, बाणेर, वाकड अशी तीन बुकिंग्ज. ॲपच्या हिशेबात एका बुकिंगला साठ मिनिटं काम आणि तीस मिनिटं प्रवास. प्रत्यक्षात सोसायटीच्या गेटवर नोंद, मग लिफ्ट, मग पलंगाजवळ प्लग नाही म्हणून एक्स्टेंशन बोर्डाची शोधाशोध. हीटर लावला की वॅक्स वितळेपर्यंत नुसतं थांबायचं. काम संपत आलं की ग्राहकाचं ठरलेलं वाक्य, "ताई, जाता जाता आयब्रोपण करून टाका ना." नाही कसं म्हणणार? रेटिंग ग्राहकाच्याच हातात.

पण खरी गंमत शेवटी दिसली. 'काम पूर्ण' दाबल्याशिवाय ग्राहकाला पैसे भरता येत नसत. म्हणून हात पुसले की ताई आधी ते दाबायच्या, तेही बोटाच्या पेरानं, कारण टोकांना अजून चिकटपणा असायचा. बटण छोटं, स्क्रीनला तडा, तिसऱ्या वेळी लागलं. त्यानंतर पट्ट्या गोळा करणं, चादर झटकणं, हीटर थंड करून पिशवीत भरणं, चांगली पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं ॲपला कधी कळलीच नाहीत. शहरातल्या सगळ्या ताई असंच करत होत्या, त्यामुळे कामाला लागणाऱ्या वेळेची आमची सरासरीच खोटी होती आणि तिच्यावर पुढचे स्लॉट उभे होते. उशीर ताई करत नव्हत्या. उशीर आमच्या बटणात होता.

आम्ही त्या एका बटणाची दोन केली: 'पैसे घ्या' आणि 'निघाले'. दोन्ही स्क्रीनच्या रुंदीभर. टच टार्गेट, म्हणजे बोटानं दाबायची जागा, किमान 48 डीपी (स्क्रीनवरचं अँड्रॉइडचं माप) असावं असं अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात आहे, पण ते कोरड्या बोटांसाठी. आम्ही दुप्पट उंच ठेवलं. ग्राहकाला आदल्या संध्याकाळी मेसेज: पलंगाजवळ प्लग आहे का, आणखी काही करून घ्यायचंय का? आयब्रो तिथेच जोडता यायला लागली, पैशांसकट.

उशिराच्या तक्रारी कमी झाल्या. पण स्लॉट खरे झाल्यावर ताईंचं दिवसाचं एक बुकिंगही कमी झालं. प्रॉडक्टवाले चिडले, ताई तर जास्तच. ही गोष्ट पोर्टफोलिओतल्या केस स्टडीत कुणी लिहीत नाही, तुम्ही लिहा. दोन बाजूंच्या ॲपमध्ये एकीकडे ओढलं की दुसरीकडे ताण येतोच. शेवटी एका ताईंना जवळजवळच्या भागातली बुकिंग्ज द्यायला सुरुवात केली, प्रवास घटला आणि गेलेलं बुकिंग बऱ्याच जणींना परत मिळालं. सगळ्यांना नाही.

रेटिंगचं दुखणं असंच. ग्राहक चार तारे देते ते "छान झालं" म्हणून. ताईंच्या भाषेत चार म्हणजे नापास. आम्ही पुढे ताऱ्यांखाली साधे प्रश्न टाकले: वेळेवर आल्या का, पट्ट्या नव्या वापरल्या का? निदान कशाबद्दल चार ते कळायला लागलं.

भाषेचं थोडक्यात सांगते. ताईंच्या ॲपचं मराठी कुणीतरी मशीनमधून काढलं होतं: 'नियोजित भेट पुनर्निर्धारित करा'. ताई सरळ ऑफिसला फोन करायच्या. 'वेळ बदला' लिहिलं आणि त्यासाठी येणारे फोन थांबले.

आणि एक सावधगिरी. लवकरच कुणीतरी तुम्हाला सांगेल, "फक्त 1 स्लॉट शिल्लक असं टाक." खरंच एक असेल तर टाका. नसेल तर टाकू नका. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्न्सबद्दल, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यात तेरा प्रकार आहेत. खोटी घाई लावणं त्यातलाच एक, आणि सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या स्क्रीनवर चार्जेस चढवणंही. मी मीटिंगमध्ये ही यादी उघडून दाखवली होती. नव्या मुलीच्या मतापेक्षा सरकारी कागदाला वजन जास्त असतं, हे माझ्या पथ्यावर पडलं.

टेस्टिंगला, म्हणजे ॲप वापरून बघायला, किती जणी बोलवायच्या? पाच पुरतात हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचं 2000 सालच्या लेखातलं म्हणणं सगळे पाठ म्हणतात. त्याच लेखात पुढे आहे की वापरणाऱ्यांचे दोन वेगळे गट असतील तर प्रत्येकातून तीन-चार घ्या. ते वाचायचं राहतं, आणि मग पाचही जणी ग्राहकच निघतात, त्यातही तीन ऑफिसातल्याच.

ताईंचा वेळ फुकट मागू नका. तासभर तुमच्याशी बोलणं म्हणजे त्यांचं एक बुकिंग बुडतं, तेवढे पैसे कंपनीकडून आधी मंजूर करून घ्या. सकाळी अकराच्या आत आणि शनिवार-रविवारी फोन नको. दुपारी दोन-अडीचला, डबा खाताना, त्या मोकळेपणानं बोलतात. मी पहिल्यांदा शहाणपणा केला, म्हटलं आयब्रो करून घेते आणि घेता घेता विचारते. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातात असतं. मी डोळे मिटून वीस मिनिटं प्रश्न विचारत होते, ताई "हं, हं" करत होत्या, आणि माझ्या वहीत त्या दिवशीचं पान कोरं आहे.