अमेरिकेतली नातवंडं ठाण्यात येतात तेव्हा

अमेरिकेतल्या शाळांना जून ते ऑगस्टच्या सुमारास सुट्टी असते, त्यामुळे तिथे जन्मलेली नातवंडं ठाण्यात येतात ती ऐन पावसात. गणपती बहुतेकदा हुकतात, आषाढी सापडते. तीन-चार आठवडे हातात असतील तर पहिले चार दिवस कुणालाही जेवायला बोलावू नका. तिकडच्या उन्हाळ्यात ठाण्याचं घड्याळ न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे असतं. मूल दुपारी पेंगतं, रात्री दोनला टक्क जागं होतं. अशा वेळी पाहुण्यांपुढे ‘मराठी गाणं म्हणून दाखव’ असा आग्रह झाला, की पुढे ते तोंडच उघडत नाही. आणि पावसाळा आहे, तेव्हा प्यायला उकळून गार केलेलं पाणी द्या.

पुष्कळ मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. हा आळस नव्हे. ऐकायची सवय झालेली असते, बोलायची नाही. तुम्ही मराठी सोडू नका, त्याचं इंग्रजी चालवून घ्या. घरात आईचंच मराठी जास्त कानावर पडलं, तर मुलगाही ‘मी जाते’ म्हणतो. तिथे टोकू नका. आजोबांनी सहज म्हणावं, ‘थांब, मीपण येतो.’ रोज अर्धा तास आजोबांशी गप्पा झाल्या, की हे आपोआप सुधारू लागतं. चुलत-मामे भावंडांना मात्र आधीच बजावा, की हसायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून काम सोपवा. जांभळी नाक्याच्या बाजारात घेऊन जा, दोनशे रुपये हातात द्या आणि तीनच वस्तू सांगा: कोथिंबिरीची जुडी, अर्धा किलो भेंडी, चार लिंबं. तुम्ही दोन पावलं मागे राहा. भाजीवाल्या मावशींना आधी सांगून ठेवा, नाहीतर उच्चार ऐकून त्या हिंदीवर येतात आणि सगळा सराव वाया जातो. घरी आल्यावर हिशेब मराठीत घ्या. पाव, दीड, अडीच इथेच पक्के होतात.

‘तू इंडियन की अमेरिकन?’ हा प्रश्न घरात कुणीही विचारू नये. मूल दोन्ही आहे. एक निवडायला लावलं, की दुसरीकडे ते खोटं पडतं. त्यापेक्षा मोठ्या कागदावर चार पिढ्यांचा तक्ता करायला बसा. प्रत्येक नावापुढे नातं, गाव आणि ते गाव का सोडलं, हे लिहा. तिकडे काका, मामा, बाबांचे मित्र सगळेच ‘अंकल’ असतात, तो गुंता इथे सुटतो. आणि महत्त्वाचं म्हणजे कोकणातून किंवा साताऱ्याकडून ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या नोकरीसाठी कुणी आलं असेल, तर ते मुलाला दिसतं. घर सोडून नव्या गावी रुजणारे आपले आईबाबा पहिले नव्हेत, हे त्याला कळायलाच हवं.

परतल्यावर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉल ठेवा. शनिवारी संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीत सकाळचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत नऊ. कॅलिफोर्नियासाठी रविवारी सकाळी नऊची वेळ बरी, तिथे तेव्हा शनिवारची रात्र असते. नुसतं ‘जेवलास का?’ विचारलं, तर दोन मिनिटांत फोन आईच्या हातात जातो. तक्त्यातलं एक माणूस दर आठवड्याला घ्या आणि त्याच्याबद्दल मुलालाच प्रश्न विचारू द्या.