बियांच्या तेलापासून दाह शमवणारं क्रीम कसं बनवावं?

सगळ्यात आधी तेल निवडा, कारण क्रीमचा निम्मा गुण तिथेच ठरतो. कोरड्या, लालसर, खाजऱ्या त्वचेसाठी लिनोलेइक आम्ल (तेलातलं एक स्निग्धाम्ल) भरपूर असलेलं तेल हवं. त्वचेच्या वरच्या थरातली सिरॅमाइड्स, म्हणजे ओलावा धरून ठेवणारे स्निग्ध घटक, घडायला हे आम्ल लागतं. हा थर सुधारला की ओलावा टिकतो आणि दाह उतरू लागतो. सूर्यफूल किंवा करडईचं तेल चालेल, पण लेबल वाचा. ‘हाय ओलेइक’ लिहिलेलं नको, त्यात हे आम्ल कमी असतं. जोडीला थोडं कलौंजीचं तेल घ्या. त्यातलं थायमोक्विनोन दाहशामक मानलं जातं. मात्र काहींना त्याचीच अ‍ॅलर्जी होते, म्हणून हात आखडताच ठेवा.

१०० ग्रॅम क्रीमसाठी डिस्टिल्ड वॉटर ७२.५ ग्रॅम, ग्लिसरिन ३, सूर्यफुलाचं तेल १५, कलौंजीचं २, इमल्सिफाइंग वॅक्स (तेल-पाणी एकजीव करणारं मेण) ६, प्रिझर्व्हेटिव्ह १ आणि व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅम. चमच्याने मोजू नका, वजनकाटाच वापरा. इमल्सिफाइंग वॅक्सऐवजी नुसतं मधमाशीचं मेण घातलं तर तेल-पाणी फुटतं.

भांडी उकळून, पुसून कोरडी करा. एका भांड्यात पाणी आणि ग्लिसरिन, दुसऱ्यात सूर्यफुलाचं तेल आणि वॅक्स घेऊन दोन्ही ७० ते ७५ अंश सेल्सियसपर्यंत तापवा. उडालेलं पाणी वजन करून पुन्हा भरा. मग एकत्र करून हँड ब्लेंडरने दोन-तीन मिनिटं घुसळा आणि थंड होईपर्यंत अधूनमधून ढवळत राहा. ४० अंशांखाली आल्यावर कलौंजीचं तेल, व्हिटॅमिन ई आणि प्रिझर्व्हेटिव्ह घाला. क्रीमचा पीएच (आम्लतेचं माप) ५ ते ५.५ च्या आसपास हवा.

‘नैसर्गिक’च्या हौसेपोटी प्रिझर्व्हेटिव्ह गाळणारे बरेच भेटतात. पाणी आलं की जंतू आलेच, आणि ते डोळ्यांना दिसण्याआधीच वाढलेले असतात. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, पण जंतूंपुढे त्याचा उपयोग शून्य. प्रिझर्व्हेटिव्ह अगदीच नको असेल तर पाणी वगळून नुसत्या तेल-मेणाचं मलम करा. सुवासिक अर्क दोन्हींत टाळा, चिडलेल्या त्वचेला ते झोंबतात.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज दोनदा लावून पाहा. उघडी जखम, पाणी सुटणारं इसब किंवा लहान बाळाची त्वचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून हे लावू नका. बरणीवर तारीख लिहा, कोरड्या चमच्यानेच काढा आणि वास बदलला किंवा पाणी वेगळं झालं तर फेकून द्या.